चपलांची रेघ

काका माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, पायाकडे बघायचे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी हात पुढे करून म्हटलं, "मी शकील, नवीन ड्रायव्हर." त्यांनी माझा हात तसाच हवेत ठेवला, खाली वाकून माझ्या चपला बघितल्या आणि म्हणाले, "डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय. आजच शिवून घे. पांडवलेणीवर तुटला तर घसरशील." आता गाडी चालवणारा माणूस लेणीच्या पायऱ्या कशाला चढेल? मी खाली सावली बघून झोपणार होतो. तरी त्या संध्याकाळी मी मुकाट्याने चांभाराकडे गेलो. त्यांच्या आवाजात एवढी भीती असायची की ती समोरच्याला लागायचीच.

सगळे त्यांना काका म्हणायचे. पाठीमागे ड्रायव्हर लोक 'चप्पलकाका' म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या ट्रॅव्हल्सच्या सतरा सीटच्या गाडीवर मी ड्रायव्हर आणि ते गाईड, अशी आमची जोडी नऊ वर्षं टिकली. सकाळी नाशकात सीबीएस स्टँडपासून निघायचं, काळाराम, सीता गुंफा, रामकुंड, मग मिसळ, मग पांडवलेणी, वेळ उरला तर त्र्यंबकेश्वर. बाकीचे गाईड बोलून बोलून लोकांना पागल करायचे. सीतामाई या दगडावर बसली, लक्ष्मणाने इथे रेघ ओढली, असं ठासून सांगायचे. काकाही रेघ ओढायचे, पण ती खडूची.

त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी पांढऱ्या खडूचा तुकडा असायचा. देवळापाशी उतरलं की भिंतीच्या कडेने ते एक लांब रेघ मारायचे आणि सगळ्यांना आपापल्या चपला त्या रेघेवर ओळीने लावायला सांगायचे. कुणी कलेक्टर असो की कांद्याचा व्यापारी, चपला ओळीतच लावायच्या. मग ते दोन गोष्टी सांगायचे. तेच शब्द, तसेच, नऊ वर्षं. "एक, मी चपला मोजणार. चप्पल उरली म्हणजे माणूस आत आहे. दोन, चुकामूक झाली तर कुणी कुणाला शोधत फिरायचं नाही. चपलेपाशी यायचं आणि बसून राहायचं. मी येणार." एवढं सांगून झालं की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. गाडीत बसल्यावर पुन्हा डोकी मोजायची, ती वेगळी.

मी एकदा विचारलं, "काका, एका पायाचा माणूस आला तर?"

"त्याला मी हात धरून नेईन," ते म्हणाले. मी चेष्टा करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या आधी ते आणखी एक तपासणी करायचे. कुणी अत्तर लावलंय का, कुणाच्या पिशवीत उदबत्ती आहे का, कुणाला विडी ओढायची सवय आहे का. वर खडकाला आग्या मोहोळं लटकलेली असतात, ती एकदा उठली की पळायला जागा नाही. म्हणून वर गेल्यावर त्यांचा आवाज कुजबुजीवर यायचा. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख, सातवाहनांच्या राणीने दिलेलं दान, हे सगळं ते अशा दबक्या आवाजात सांगायचे की लोकांना वाटायचं, काहीतरी गुपित आहे. लोक जवळ सरकायचे, कान द्यायचे. काकांचा अर्धा डोळा मात्र छताकडे असायचा.

मिसळीचीही त्यांना भीती वाटायची, यावर आमच्या नाशकात कुणाचा विश्वास बसणार नाही. टेबलावर ताटं यायच्या आधी ते प्रत्येकापाशी जाऊन विचारायचे, "ॲसिडिटी? बीपी? कालचं काही शिळं खाल्लंय का?" आणि स्वतः रश्शाला बोटसुद्धा लावायचे नाहीत. दही, पापड आणि एक जिलबी, एवढ्यावर त्यांचं भागायचं. एकदा लासलगावचे एक आडतदार त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही आम्हाला फिरवायला आणलंय का दवाखान्यात?" सगळे हसले. काकाही हसले, पण हसता हसता त्यांची नजर टेबलाखालच्या पायांवरून फिरून आली.

त्र्यंबकच्या वाटेवर नाण्यांचं एक संग्रहालय आहे. लोक तिथे कंटाळतात. काचेमागची काळपट नाणी बघून करायचं काय? काका मात्र तिथे खुलायचे. मी एसीसाठी आत जायचो आणि त्यांचं ऐकत राहायचो. "हे नाणं आपल्यापर्यंत का पोचलं माहितीये?" ते विचारायचे. "कुणीतरी मडक्यात घालून पुरून ठेवलं आणि परत येणं झालं नाही. तो आला असता तर घेऊन गेला असता. मागे काही उरलेलं दिसलं ना, की समजायचं, कुणीतरी आलेलं नाही."

एका दुपारी तिथल्याच बाकावर बसून मी त्यांना विचारलं, की इतकं घाबरायचं कशाला? काका नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होते, एवढं मला माहीत होतं. ते म्हणाले, "सेफ्टीत होतो मी. टाकी साफ करायला माणूस आत उतरला की आपला बिल्ला बाहेरच्या फळीला अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. एका शनिवारी सुट्टीचा भोंगा झाला आणि फळीवर एक बिल्ला उरलेला. मी बघितला. मला वाटलं, काढायला विसरला असेल. सोमवारी ओरडू त्याला." ते खडूच्या तुकड्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी ओरडून घ्यायला तो राहिला नव्हता."

 त्यानंतर मी आठ दिवस त्यांची चेष्टा केली नाही. आठच दिवस. रोज तीच रेघ, तेच दोन नियम, तीच मोजणी. आपण कितीही शहाणे असलो तरी रोजच्या गोष्टीची किंमत राहत नाही.

ईदला ते न चुकता घरी यायचे. शिरखुर्म्याची वाटी हातात घ्यायच्या आधी दारातल्या चपला मोजायचे. माझ्या बायकोला म्हणायचे, "सूनबाई, बाहेर अकरा जोड आहेत, आत दहा माणसं. एक कोण?" मग माझा धाकटा गच्चीवरून खाली यायचा आणि काका पहिला घोट घ्यायचे. आमच्या घरात यावरून हशा पिकायचा. माझी अम्मी मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "कोणाला तरी आपली गिनती असते, ही लहान गोष्ट नाही."

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगायला मला आजही भीती वाटते.

पितृपंधरवडा चालू होता. सटाण्याकडच्या एका खेड्यातलं बायकांचं भजनी मंडळ आलं होतं. सोळा जणी, सगळ्यांच्या एकसारख्या गुलाबी साड्या. ताराबाई नावाच्या त्यांच्या पुढारी होत्या, आणि सगळ्यांत म्हातारी होती सुंदरआजी. पंचाऐंशीच्या पुढची असेल. तिच्याजवळ मोबाइल नव्हता, मराठीही तिची अहिराणी. ती सकाळपासून एकच विचारत होती, "गंगावर कव्हय जानं शे?" गंगेवर कधी जायचं, म्हणजे गोदावरीवर; आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. तिचा नवरा वर्षभरापूर्वी गेला होता आणि त्याच्या नावाने तिला ओंजळभर पाणी सोडायचं होतं. तेवढ्यासाठी ती म्हातारी एवढा प्रवास करून आली होती.

पण पहाटेच धरणातून पाणी सोडलेलं. रामकुंडाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, दुतोंड्या मारुतीच्या पायांना पाणी लागलं होतं, भोंगा वाजत होता. मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज करतात. पाय म्हणजे सावध राहायचं. काकांनी रामकुंड रद्द करून टाकलं. आजीच्या पुढ्यात उकिडवे बसून त्यांनी तिला समजावलं, "आजी, आज नाही. उद्या सकाळी पाणी उतरलं की मी स्वतः हात धरून नेतो. माझा शब्द." मंडळाचा मुक्काम धर्मशाळेत होताच. आजीने मान हलवली. पण थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं.

सीता गुंफेला तोबा गर्दी होती. ती जागा अशी की एका बाजूने वाकून, सरपटत आत जायचं आणि दुसरीकडून बाहेर निघायचं, मग वळसा घालून चपलांपाशी यायचं. काकांनी रेघ मारली, सोळा जोड लावून घेतले, दोन नियम सांगितले. दमेवाल्या कोण, गुदमरतं कुणाला, सगळं विचारलं. पाऊणएक तासाने बायका दोघी-तिघींनी येऊ लागल्या. काका रेघेपाशी गेले. रेघ रिकामी होती. एकही चप्पल उरली नव्हती. म्हणजे सगळ्या बाहेर आल्या.

त्यांच्या हिशेबात एक गोष्ट कधी धरलेली नव्हती. देवळाबाहेरून चप्पल जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. नऊ वर्षांत काकांच्या रेघेवरची चप्पल कधी गेली नव्हती, कारण ते स्वतः तिथे उभे असायचे. त्या दिवशी एका बाईला आत गुदमरलं म्हणून ते मागच्या दाराशी धावले. तेवढ्या वेळात कुणीतरी सुंदरआजीच्या चपला पायात घालून निघून गेलं.

गाडीत डोकी मोजायची बाकी होती. पण बायका जागा बदलत होत्या, पिशव्या वर-खाली करत होत्या, कुणी उभी, कुणी वाकलेली. काकांची मोजणी एकदा पंधरा आली, एकदा सोळा. "सगळ्यांनी बसून घ्या, मी पुन्हा मोजतो," ते म्हणाले. मागे गाड्यांची रांग लागली होती. पोलीस माझ्या काचेवर काठी आपटत होता, "ए, काढ गाडी! लग्नाला आलाय का?"  आणि मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, सारखं काय मोजता? बायका आहेत, मेंढरं नाहीत!" बायका खो खो हसल्या. काकांचा चेहरा पडला. मग मी म्हणालो, "मी आरशातून मोजल्यात. सोळा आहेत. बसा."

मी मोजल्या नव्हत्या. मी आरशात बघितलंसुद्धा नव्हतं.

काकांनी आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या शेजारी बसले. मी गाडी काढली.

मखमलाबाद रस्त्याला द्राक्षाच्या मळ्यात मिसळीचं एक ठिकाण आहे, तिथे पोचलो. मांडवाखाली लांब टेबल, सोळा ताटं आली. बायका पाव मोडू लागल्या. काका नेहमीसारखे ॲसिडिटी विचारत फिरत होते. टेबलाच्या शेवटी एक ताट तसंच होतं. रश्शावर तवंग धरला होता, पापड मऊ पडला होता.

"हे कुणाचं?" काकांनी विचारलं.

 ताराबाई म्हणाल्या, "सुंदरआजीचं असंल. मागच्या सीटवर निजेल शे ती." एक जण गाडीत बघून आली. मागच्या सीटवर आजीचं गाठोडं होतं, त्यावर तिची शाल होती. आजी नव्हती.

मी चहाचा कप खाली ठेवला. पहिला विचार आला तो पाण्याचा. गंगावर कव्हय जानं शे. दुसरा विचार माझ्या थापेचा. काका माझ्याकडे वळले तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांसमोर म्हणतील, की तूच म्हणालास ना सोळा? ते एवढंच म्हणाले, "शकील, गाडी काढ." त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

बायकांना मांडवातच थांबवून आम्ही दोघेच निघालो. परतीचा तो रस्ता वीस मिनिटांचा असेल, पण माझ्या आयुष्यात तेवढा लांब रस्ता मी चालवलेला नाही.  मी येत होत्या तेवढ्या सगळ्या दुआ मनात म्हटल्या. काका पुटपुटत होते, "चपला नव्हत्या रे. रेघेवर एकही चप्पल नव्हती." तेच, पुन्हा पुन्हा. मी त्यांना म्हणू शकत होतो, की काका, चपलांचं राहू द्या, खोटं मी बोललो. घशाला कोरड पडली होती, शब्द निघेना. खरं सांगायचं तर कोरड हा बहाणा होता. मी भ्यायलो होतो. म्हातारी बुडाली असेल तर ती कुणाच्या नावावर जाणार, या भीतीने माझी जीभ धरून ठेवली होती. ही भीतीची गोष्ट मी इतकी वर्षं कुणाजवळ बोललेलो नाही.

कारंजाच्या चौकात गाडी अडकली तशी काका दार उघडून उतरले आणि नदीकडे धावत सुटले. मी गाडी तशीच आडवी टाकून त्यांच्या मागे पळालो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागत आलं होतं. तपकिरी, फेसाळ पाणी, आणि आवाज असा की कानाशी कुणी ओरडलं तरी कळू नये. बादलीतलं पाणी डोक्यावर ओतायलाही बिचकणारा हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता आणि दिसेल त्याला हाताने उंची दाखवून विचारत होता, "एवढीशी म्हातारी. गुलाबी साडी. बघितलीत?" जीवरक्षक शिट्ट्या मारत होते, मागे व्हायला सांगत होते. काका ऐकत नव्हते.

आणि पायरीच्या कोपऱ्याला मला गुलाबी दिसलं. पाण्यात हेलकावे खाणारं, गुलाबी, जरीच्या काठाचं.

 मी तिथेच पायरीवर बसलो. काका त्या दिशेने झेपावले आणि शेवाळावरून घसरले. मी कसा उठलो माहीत नाही, त्यांची कॉलर माझ्या मुठीत आली. जीवरक्षकाने बांबूने ते गुलाबी ओढून आणलं. नुसती साडी होती. लोक इथे मेलेल्या माणसांचे कपडे सोडतात, त्यातली कुणाची तरी. काकांनी ती दोन्ही हातांनी उघडून बघितली, आत कुणी असल्यासारखी. त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

मग ते एकदम थांबले. म्हणाले, "शकील, आपण तिला काय सांगितलंय?" मला काही कळेना. "हरवलात तर काय करायचं सांगितलंय?"

आम्ही आधी तिथे का गेलो नाही, याचं उत्तर भीती एवढंच आहे. भीती माणसाला पहिल्यांदा सगळ्यांत वाईट जागी घेऊन जाते.

सीता गुंफेबाहेर भिंतीच्या कडेला सुंदरआजी बसली होती. अनवाणी, पाय पोटाशी घेऊन, खडूच्या रेघेवर नेमकी. शेजारच्या फुलवालीने तिला चहा पाजला होता आणि तिथून हलवायचा प्रयत्नही केला होता. पण आजी हलली नव्हती. आम्हाला बघून ती रागावली नाही, रडली नाही. उशीर करणाऱ्या पाहुण्याला म्हणावं तशी म्हणाली, "तुम्हीच ते सांगं व्हतं ना, चपलासजोडे बठी ऱ्हावा. चपला कोनी लयी ग्यात, पन रेघ ते आठेच शे."

चपला कुणी नेल्या, पण रेघ तर इथेच आहे! काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सगळ्या रस्त्यादेखत हमसून हमसून रडले. आजी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग त्यांनी आपल्या तपकिरी चपला काढल्या आणि तिच्या पायात चढवल्या. तिच्या पावलांना त्या होडीएवढ्या होत होत्या. अंगठ्याशी त्यांनी आपला रुमाल बांधून दिला आणि स्वतः तापल्या डांबरावरून अनवाणी चालत गाडीपर्यंत आले.

मळ्यात परत पोचल्यावर ताराबाईंनी त्यांना चार शब्द सुनावले. "म्हातारं मानूस तुमच्या भरवशावर आनलं आमी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या मालकांनीही फोनवर झाडलं. काका दोघांनाही एकच म्हणाले, "माझी मोजणी चुकली." मी दोन हात अंतरावर उभा होतो, किल्ली मुठीत धरून. बोललो नाही.

दुसऱ्या सकाळी पाणी उतरलं होतं. काका लंगडत आले आणि शब्द दिल्याप्रमाणे आजीला नदीवर घेऊन गेले. वरच्याच पायरीवर. त्यांनी आजीचा हात धरला होता, मी त्यांचा दंड धरला होता. आजीने ओंजळ सोडली, नवऱ्याचं नाव घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते बघून मला जास्तच लाज वाटली. काकांची ती शेवटची फेरी. त्यानंतर ते गाडीवर आले नाहीत.

सहा महिने मी त्यांच्या घराच्या गल्लीतूनसुद्धा गेलो नाही. सातव्या महिन्यात गेलो. काकूंनी चहा ठेवला, काका पाय लांब करून खुर्चीत बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, "काका, त्या दिवशी मी मोजल्या नव्हत्या. मी खोटं बोललो."

"माहितीये मला," ते म्हणाले. "तुझ्या आरशावर माझाच ओला रुमाल वाळत पडला होता. त्यातून काय दिसणार?"

मी विचारलं, "मग थांबवलं का नाही?"

ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "तू हसलास. त्या सगळ्या हसल्या. अंबडपासून लोक हसतच आलेत रे, त्याचं काही नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, एकदा तरी इतरांसारखं निघून बघावं. न घाबरता, न मोजता. काय होतंय? एकदाच." मग म्हणाले, "बस की. चहा घे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना एका दिवसाची बेफिकिरी हवी होती, ती मी थाप मारून दिली होती, आणि तीही त्यांना लाभली नाही. मी बसलो, चहा घेतला.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. चार दिवस तापाने फणफणले आणि गेले. सटाण्याला कसं कळलं कोण जाणे, ताराबाईंचा फोन आला, मंडळाला भेटायला यायचंय, गाडी घेऊन ये. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन काकांच्या दारात आलो. सोळा जणी होत्या. त्या उतरायच्या आधी मी खाली आलो, खिशातून खडू काढला आणि दाराबाहेर रेघ मारली. हो, आता माझ्या खिशात खडू असतो. बाकीचे ड्रायव्हर मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

बायका आत जाऊन बसल्या. फोटोपुढे दोन अभंग झाले. मी दाराशी उभा होतो. मग एकेक बाहेर येऊ लागली, चपला घालून गाडीकडे जाऊ लागली. शेवटी रेघेवर एक जोड उरला.

तपकिरी, पुरुषी, टाचेला झिजलेला. काकांचा.

 चप्पल उरली म्हणजे माणूस आत आहे. नऊ वर्षं ऐकलेलं ते वाक्य माझ्या कानात त्यांच्याच आवाजात वाजलं, आणि भर दुपारी, एवढी माणसं आजूबाजूला असताना, मी त्या उघड्या दाराकडे बघत राहिलो. आत जायचं धैर्य होईना. मला भीती वाटत होती की आत कुणी नसेल.

आतून काकूंचा हात धरून सुंदरआजी बाहेर आली. हळूहळू, उंबरठा चाचपत. रेघेपाशी येऊन तिने त्या होडीएवढ्या चपलांत पाय घातले. अंगठ्याशी अजून तो रुमाल होता, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. ती दोन पावलं चालली, थांबली, आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली, "आते मोज माले."

मी तिला हात धरून गाडीत चढवलं. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी आरशात बघितलं नाही. मागे गेलो, सगळ्यांना बसायला लावलं आणि एकेकीपाशी थांबून मोजलं. सोळा भरल्या. मी पुन्हा मोजलं. कुणी हसलं नाही.